बंडखोर फर्निचर आणि त्याला घर देणारी माणसं

18 सप्टेंबर 1981 च्या संध्याकाळी मिलानमधल्या ‘आर्क 74’ या दालनासमोर एवढी गर्दी लोटली, की रस्त्यावरची वाहनं अडकून पडली. आत मांडलं होतं फर्निचर. पुस्तकं तिरकी ठेवावी लागतील असं रंगीबेरंगी कपाट, दोरीने ओढत न्यायचा चाकांवरचा दिवा, बॉक्सिंगच्या रिंगणासारखी बैठक. डिझायनर एत्तोरे सोत्सास आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांच्या ‘मेम्फिस’ गटाचं हे पहिलं प्रदर्शन. गटाचं नाव बॉब डिलनच्या गाण्यातून घेतलेलं.

इटलीत 1966 ते 1985 या काळात खुर्ची, टेबल, कपाट या वस्तूंविरुद्धच बंड झालं. दिवाणखाना म्हणजे घराण्याच्या प्रतिष्ठेचं प्रदर्शन, ही समजूत या मंडळींना मोडायची होती. आज मात्र त्यांच्या वस्तू श्रीमंत संग्राहकांच्या दिवाणखान्यांत आणि लिलावघरांत दिसतात. म्हणून बंड हरलं असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. या वस्तूंची खरी कसोटी घरातच लागते, आणि काही संग्राहकांनी ती कसोटी मनापासून दिली.

फ्लॉरेन्स आणि तुरीन

डिसेंबर 1966 मध्ये, फ्लॉरेन्समध्ये महापूर येऊन गेल्यावर महिन्याभरात, जवळच्या पिस्तोइया शहरात ‘सुपरआर्किटेत्तुरा’ हे प्रदर्शन भरलं. आर्किझूम आणि सुपरस्टुडिओ हे दोन गट तिथे पुढे आले. आर्किझूमचा ‘सुपरओंदा’ सोफा म्हणजे फोमच्या एका ठोकळ्यातून लाटेसारख्या रेषेने कापलेले दोन तुकडे. सांगाडा नाही, पाय नाहीत. उचलायला हलका; हवा तसा मांडा, बसा नाहीतर आडवे व्हा. सोफा भिंतीला टेकवून ठेवायचा आणि पाहुण्यांनी त्यावर ताठ बसायचं, हा शिरस्ताच त्याने मोडला.

तुरीनच्या गुफ्राम कंपनीने हाच फोम वेगळ्या वाटेने नेला. ‘बोक्का’ हा ओठांच्या आकाराचा सोफा 1970 चा, ‘प्रातोने’ हे महाकाय गवताच्या पात्यांचं आसन 1971 चं, आणि कोट टांगायचा हिरवा ‘कॅक्टस’ 1972 चा. प्रातोनेवर बसायचं कसं, हे कोणी सांगत नाही. पात्यांमध्ये अंग टाकायचं आणि आपली जागा आपणच शोधायची.

सुपरस्टुडिओने उलट टोक गाठलं. त्यांच्या ‘क्वाडेर्ना’ टेबलांवर पांढऱ्या लॅमिनेटवर काळ्या रेषांचे तीन-तीन सेंटिमीटरचे चौकोन आहेत, बाकी काही नाही. डिझायनरच्या लकबीला, सहीला त्यात जागाच ठेवलेली नाही.

1972 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने एमिलियो आम्बाझ यांच्या संयोजनाखाली ‘इटली : द न्यू डोमेस्टिक लँडस्केप’ हे प्रदर्शन भरवलं. त्यात आर्किझूमने एक रिकामी खोली ठेवली. आत फक्त घराचं वर्णन करणारा एका मुलीचा आवाज. घर प्रत्येकाने आपल्या मनात उभारावं, हे त्यांचं म्हणणं. पुढे 1974 मध्ये ‘काझाबेल्ला’ मासिकाचे संपादक अलेस्सांद्रो मेंदिनी यांनी ‘लास्सू’ ही लहान मुलाच्या चित्रातल्यासारखी साधी खुर्ची पायऱ्यांच्या चौथऱ्यावर ठेवून जाळली. वस्तूही जन्मते, जगते, मरते, हे त्यांना दाखवायचं होतं.

सनमायकाची प्रतिष्ठा

मेम्फिसच्या वस्तूंकडे मराठी वाचकाने जरा जवळून पाहावं. सोत्सास यांच्या ‘कार्लटन’ कपाटात खाली साधा बोर्ड आणि वर प्लॅस्टिकचं लॅमिनेट आहे. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो, ज्याने आपले ओटे, शाळेतली बाकं आणि हॉटेलांतली टेबलं मढवली, त्याच जातीचं. हे लॅमिनेट सोत्सास यांनी मुद्दाम निवडलं, कारण त्याला सांस्कृतिक इतिहास नव्हता. ते दूध-कॉफीच्या दुकानांतलं, उपनगरातलं साहित्य होतं. सागवान आणि संगमरवराच्या मानाच्या जागेवर त्यांनी ते नेऊन बसवलं. त्यांचा ‘बाक्तेरिओ’ हा जंतूंसारख्या वळवळत्या रेषांचा नमुना तर लॅमिनेटसाठीच काढलेला.

या दृष्टीत भारताचाही वाटा आहे. 1961 मध्ये सोत्सास भारतात हिंडले. परतल्यावर जिवावरच्या आजारातून उठून त्यांनी मातीकाम केलं. त्यातल्या 1964 च्या मालिकेचं नाव ‘शिवाला अर्पण’. रोजच्या वापरातली वस्तूही पूजेच्या वस्तूसारखी माणसाला आधार देऊ शकते, ही जाणीव त्यांच्या पुढच्या कामात सतत दिसते.

विरोधाभास असा, की लॅमिनेट स्वस्त होतं, पण मोजक्या संख्येने तयार होणारं कपाट महाग होतं. ज्या सामान्य घरातून साहित्य आलं, त्या घराला ते परत परवडेना. मेम्फिसच्या कथेतली ही खरी उणीव आहे, आणि ती झाकून त्याचं कौतुक करता येणार नाही.

घरं आणि त्यांचे मालक

ज्यांना परवडलं, त्यांनी काय केलं? फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी मोनाकोतलं आपलं घर मेम्फिसने भरून टाकलं. मासानोरी उमेदा यांची ‘तावाराया’ ही रिंगण-बैठक त्यांच्या दिवाणखान्यात होती. चारी बाजूंना दोऱ्या, खाली जपानी चटया. गप्पांसाठी आत शिरायचं तर दोऱ्यांमधूनच. 1991 मध्ये हे सगळं लिलावात निघालं.

झुरिकचे कलाविक्रेते ब्रूनो बिशोफबर्गर यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. वॉरहॉल आणि बास्कियाची चित्रं जगापुढे नेणाऱ्या या माणसाने स्वतःचं घरच सोत्सासकडून बांधून घेतलं. बेल्जियममध्ये लानाकेन इथे गॅलरीचालक एर्नेस्ट मूरमन्स यांनीही तेच केलं. त्या घरात त्यांच्या पक्ष्यांसाठीही जागा आहे. इथे संग्राहक वस्तूंसाठी कोपरा शोधत नाही. राहण्याची सगळी पद्धतच नव्याने मांडतो.

गायक डेव्हिड बोवी यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर 2016 मध्ये सदबीज या लिलावघराने लंडनमध्ये त्यांचा संग्रह विकला. त्यात मेम्फिसच्या वस्तूंचा मोठा भाग होता, आणि सोत्सास व पेरी किंग यांचा ऑलिव्हेत्ती कंपनीसाठीचा 1969 चा लाल ‘व्हॅलेंटाइन’ टाइपरायटरही. त्याला काही शे पौंड येतील असा अंदाज होता. तो 45,000 पौंडांना गेला. मूळ कल्पना सर्वांनी सहज बाळगावं अशा यंत्राची. किंमत ठरली ती मालकाच्या नावामुळे.

फोम झिजतो तेव्हा

आता प्रश्न जतनाचा. पॉलियुरेथेन फोम उजेड आणि दमटपणाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो, भुगा होऊन गळतो. मूळ प्रातोनेवर रोज कोणी लोळलं तर ते संपेल. संग्रहालयात ठेवलं तर त्यावर कोणी लोळणार नाही. संग्राहक डेनिस फ्रीडमन यांचा या बंडखोर, म्हणजेच ‘रॅडिकल’, इटालियन डिझाइनचा संग्रह ह्यूस्टनच्या म्यूझियम ऑफ फाइन आर्ट्सकडे गेला आणि 2020 मध्ये तिथे त्याचं प्रदर्शन झालं. खासगी घराने सांभाळलेलं सार्वजनिक झालं, हा त्यातला उत्तम शेवट. दुसरीकडे सुपरओंदा, क्वाडेर्ना, कॅक्टस आणि कार्लटन आजही तयार होतात. बाजार त्यांना पहिल्या आवृत्तीपेक्षा कमी लेखतो. पण बसण्याची नवी रीत ही ज्या वस्तूचा गाभा आहे, तिच्या बाबतीत कालची खुर्ची आणि आजची खुर्ची एकच काम करतात. मूळ प्रत अभ्यासासाठी जपावी, नवी प्रत बिनधास्त वापरावी.

म्हणून संग्राहकाच्या घराला लिलावातल्या आकड्यांचं माप लावू नये. या वस्तूंमुळे तिथल्या माणसांचं बसणं-उठणं, जेवणं, पाहुण्यांशी वागणं बदललं का, एवढंच विचारावं. बदललं असेल, तर तो संग्राहक डिझायनरचा भागीदार आहे. काहीच बदललं नसेल, तर ती नुसती गुंतवणूक. आणि हाच प्रश्न संग्राहक नसलेल्या आपल्यालाही लागू होतो. आपला सोफा कोणाला ताठ बसवतो आणि कोणाला आपलंसं करतो, हे ठरवायला लिलावघराचं कार्ड लागत नाही.