पाइनच्या सावलीतलं जिनसेंग

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यावर, टाउपो सरोवराच्या पश्चिमेला पुरेओराचं जंगल आहे. इथली जुनी झाडं तोडू नयेत म्हणून 1978 साली आंदोलक थेट झाडांवर चढून बसले होते. याच परिसरात आज माओरी जमीनमालकांची ‘मारायेरोआ सी’ ही संस्था लाकडासाठी लावलेल्या पाइनखाली जिनसेंग पिकवते. पाइन मूळचा कॅलिफोर्नियाचा, जिनसेंग चीन-कोरियाचं, आणि माती ज्वालामुखीच्या राखेची!

जिनसेंगला ऊन सोसत नाही. कोरियात शेतकरी त्यावर मांडव घालतात. इथे ते काम पाइन करतो. राखेच्या भुसभुशीत मातीत पाणी साचत नाही, म्हणून मुळं कुजत नाहीत. शिवाय एकदा पीक काढलं की त्याच जमिनीत जिनसेंग पुढची अनेक वर्षं नीट येत नाही. त्यामुळे कोऱ्या जमिनीला मोल आहे.

या मुळांत नेमकं आहे काय, हे पामर्स्टन नॉर्थच्या मॅसी विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं. चिनी वैद्यकाने ज्या गुणांसाठी जिनसेंग जपलं, त्यांचं श्रेय आज मुख्यतः ‘जिनसेनोसाइड’ या साबणासारखा फेस देणाऱ्या संयुगांना दिलं जातं. तंतुमुळांत त्यांचं प्रमाण मुख्य मुळापेक्षा जास्त निघालं. बाजारात भाव मात्र मिळतो तो जाडजूड, माणसासारख्या दिसणाऱ्या मुळाला.

मेंदूतल्या चेतापेशींशी या जिनसेनोसाइडांचा संबंध काय? पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा पेशींमधून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन बेसुमार सांडतं. त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं, त्यांची ऊर्जाकेंद्रं कोलमडतात आणि मागोमाग दाह सुरू होतो. आरबी-1 आणि आरजी-1 ही जिनसेनोसाइडं ही साखळी अनेक ठिकाणी सैल करतात, असं काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर वारंवार दिसलं आहे.

पण बशीतल्या पेशीवर औषध थेट ओतता येतं, माणसाला ते गिळावं लागतं. आरबी-1ला साखरेचे चार रेणू चिकटलेले असतात. इतकं अवजड संयुग आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. आतड्यातले जिवाणू त्यातली साखर एकेक करून तोडतात, आणि रक्तात जातं ते बऱ्याचदा एकाच साखरेचं ‘कंपाउंड के’. हे जिवाणू प्रत्येकाचे वेगळे, म्हणजे त्याच गोळीतून दोघांना वेगवेगळं औषध मिळू शकतं. पुढे रक्त आणि मेंदू यांच्यामधली पेशींची भिंत आहेच. पक्षाघातावर प्रयोगशाळेत आजमावलेल्या उपचारांची 2006 साली मोजणी झाली, तेव्हा आकडा 1026 भरला. त्यातले रुग्णांच्या खाटेपर्यंत टिकले ते अगदी मोजके.

म्हणून चीनमधली एक चाचणी मला महत्त्वाची वाटते. जिनसेंगचं भावंड असलेल्या सान्ची या वनस्पतीतल्या अशाच फेस देणाऱ्या संयुगांची, म्हणजे सॅपोनिनांची, कॅप्सूल पक्षाघाताच्या सुमारे 3000 रुग्णांवर तपासली गेली. निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण कॅप्सूलच्या गटात 89.3 टक्के, तर नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात 82.4 टक्के होते. फरक लहान नाही. मात्र चाचणी एकाच देशातली आहे, आणि सान्ची रक्ताच्या गुठळ्यांवरही परिणाम करते. तेव्हा पेशी वाचल्या की रक्त मोकळं वाहिलं, हे त्यावरून सांगता येत नाही.

प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंतचा हा रस्ता किती लांबचा असतो, ते न्यूझीलंडमधल्याच ऑकलंडला चांगलं ठाऊक आहे. तिथल्या विद्यापीठाने चेतापेशींना जपणाऱ्या तीन अमिनो आम्लांच्या एका तुकड्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तो वनस्पतीतला नव्हे, मेंदूतलाच. रक्तात तो झटकन तुटायचा. रसायनशास्त्रज्ञ मार्गारेट ब्रिम्बल यांच्या चमूने त्याला एक मिथिल गट जोडला आणि तो टिकू लागला. हेच ट्रोफिनेटाइड. आधी मेंदूच्या दुखापतीवर ते आजमावलं गेलं. अमेरिकेत मान्यता मिळाली ती मार्च 2023 मध्ये, आणि तीही रेट सिंड्रोम या दुर्मीळ आजारासाठी.

पुरेओराच्या मुळांबाबत अजून मुख्यतः घटकांची मोजदादच झाली आहे. आपल्याकडच्या ब्राह्मी-अश्वगंधेच्या डब्यांप्रमाणे जिनसेंगच्या वेष्टनांवरही मेंदूचं चित्र झळकतं. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर जिनसेंग घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. जिनसेंगमुळे त्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो.