इंग्रजीत ब्याण्णव!

आमच्या इमारतीत दहावीच्या निकालाचा दिवस म्हणजे एक लहानसा सणच असतो. सकाळपासून जिन्यात चपलांची ये-जा वाढते, स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येऊ लागतो, आणि दुपारचा एक वाजून गेला की कोणाच्या तरी दारातून पहिली आरोळी उठते. या वर्षी ती समोरच्या बिऱ्हाडातून आली. ‘‘इंग्रजीत ब्याण्णव!’’ एकूण टक्के किती, गणितात किती, हे सारे मागाहून. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला इंग्रजीत ब्याण्णव, या आनंदापुढे बाकीचे विषय बिचारे पाहुण्यांच्या मुलांसारखे दाराशी उभे राहिले. मराठीतही तिला नव्वदाच्या आसपास होते. पेढा देताना ते मला मुद्दाम सांगण्यात आले. मी मराठीचा मास्तर ना! तेवढा शिष्टाचार आमच्या इमारतीत अजून शिल्लक आहे.

पेढे संपून पंधरा दिवस झाले नसतील, तोच त्या घरी एका विमा कंपनीचे पत्र येऊन थडकले. आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला ४३ हजार रुपये खर्च आला होता. कंपनीने ते द्यायला नकार दिला. कारण असे की, मोतीबिंदूसाठी पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षे थांबावे लागते, आणि यांच्या पॉलिसीला तर चौदाच महिने झाले होते. पत्र अर्थातच इंग्रजीत. तेव्हा उत्तरही इंग्रजीत जायला हवे, आणि घरात ब्याण्णव मार्कांची कन्या असताना दुसऱ्या कोणाकडे पाहायचे कारणच काय?

मुलगी बिचारी दोन तास खपली. तिचे पत्र तिच्या बाबांनी मला ‘एकदा नजरेखालून घालायला’ आणून दिले. खोटे कशाला सांगू, पहिल्या वाचनात मी खूश झालो. डाव्या कोपऱ्यात पत्ता, तारीख, ‘सब्जेक्ट’ अधोरेखित, तीन परिच्छेद. पहिल्यात ‘काइंड नोटिस’, दुसऱ्यात ‘डीपली डिसअपॉइंटेड’, तिसऱ्यात ‘डू द नीडफुल’. एक स्पेलिंग चुकलेले नाही, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. मी दोन-चार ठिकाणी पेन्सिल लावली, एक जड शब्द काढून त्याहून जड शब्द घातला (मास्तरांची ही खोड जात नाही), आणि कागद परत केला.

आजी तिथेच बसून शेंगा सोलत होत्या. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेही खेड्यातल्या शाळेत. ‘‘काय लिहिलंय ते मराठीत सांग बाई,’’ म्हणाल्या. नातीने वाक्यावाक्याचा अर्थ सांगितला. आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘हे सगळं खरं, पण आपलं म्हणणं काय ते कुठे आलं?’’

नात गप्प. मीही गप्प. पत्रात दुःख होते, आदर होता, आशा होती. पण कंपनीचे कुठे चुकते आहे, हे कुठेच नव्हते.

‘‘अगं, आपण पॉलिसी नवी कुठे घेतलीय? कंपनी बदललीय फक्त. आधीच्या कंपनीत चार वर्षं पैसे भरले, ती वर्षं कुठे गेली?’’ असे म्हणून आजी उठल्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून जुन्या पावत्यांची गुंडाळी घेऊन आल्या. आणि मुद्दा तोच होता! आरोग्यविम्याची पॉलिसी एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येते, आणि रीतसर नेली तर आधी काढलेला काळ नव्या कंपनीला धरावा लागतो. आपल्याकडे २०११ पासून ही सोय आहे. आजींना ‘पोर्टेबिलिटी’ हा शब्द ठाऊक नव्हता. पण चार अधिक एक म्हणजे दोनापेक्षा जास्त, हे त्यांनी हेरले होते.

या एका प्रसंगावरून ‘मार्कांत काही अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढून टाळ्या घेणे सोपे आहे. मला तो काढायचा नाही. ती मुलगी मठ्ठ नाही. चांगली चुणचुणीत आहे. दहा वर्षे तिला जे शिकवले, तेच तिने चोख करून दाखवले. आपण काय शिकवतो, ते पाहा. परीक्षेतल्या पत्राचा सगळा मालमसाला प्रश्नातच दिलेला असतो: कोणी, कोणाला, कशाबद्दल. मुलाने तो ठरलेल्या साच्यात बसवायचा. काय महत्त्वाचे, काय गाळायचे, समोरचा काय हरकत घेईल, हा विचार करायची त्याच्यावर पाळीच येत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्या पत्राला उत्तर येत नाही. ते फोडणारा कोणी साहेब नसतो, नाही म्हणणारा कोणी कारकून नसतो. असतो तो माझ्यासारखा एक परीक्षक, ज्याने पत्ता कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहायचे असते.

बरे, तो परीक्षक तरी भरवशाचा आहे का? ही शंका माझी नव्हे, फार जुनी आहे. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघा अध्यापकांनी १९१२ साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. हायस्कुलातल्या दोन मुलांच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका घेतल्या, त्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि निरनिराळ्या शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासून परत केल्या. पहिल्या पत्रिकेला शंभरापैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत! पोरगे तेच, अक्षर तेच, चुका त्याच. कोणी म्हणेल, भाषेचे असेच असायचे, गणितात असे होत नाही. या दोघांनी पुढच्या वर्षी भूमितीची पत्रिका पाठवली, तर तिथे तफावत आणखीच वाढली.

दुसरा दाखला तर आपल्याला अधिक जवळचा. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ साली हिंदुस्थानातल्या शिक्षणावर अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष सर फिलिप हार्टॉग, यांनी इंग्लंडात परत गेल्यावर परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या; वर्ष उलटून गेल्यावर त्याच पत्रिका त्याच परीक्षकांपुढे पुन्हा ठेवल्या. नापास, पास की विशेष पास, असे एकूण २१० निर्णय. त्यांतले ९२ दुसऱ्या वेळी बदलले! हे १९३५ साली छापून आले. म्हणजे दोन परीक्षकांचे पटत नाही हे सोडाच, परीक्षकाचे स्वतःशीदेखील पटत नाही.

मी हे वाचले तेव्हा हसलो नाही. कारण मीही त्यातलाच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. मे महिन्याच्या आतबाहेरचा उकाडा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि पुढ्यात गठ्ठा. निबंधाच्या विषयांत एक होता पाऊस न पडला तर काय होईल, अशा अर्थाचा. गठ्ठ्यातल्या बहुतेक निबंधांत धरणीमाता तहानली होती, बळीराजा आकाशाकडे डोळे लावून बसला होता, आणि शेवटी ‘म्हणून झाडे लावा’. एकाच गाइडमधून इतकी मुले एकाच वेळी तहानलेली पाहून माझा हात यंत्रासारखा चालत होता: सहा, सहा, साडेसहा, सहा.

आणि मध्येच एक पत्रिका आली. जेमतेम आठ-दहा ओळी. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, विरामचिन्हांशी वैर. मुलाने लिहिले होते की, पाऊस झाला तर आईबाप गावात राहतात; नाही झाला तर दिवाळीच्या आधीच टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर जातात, मग धाकट्या भावाला तो सांभाळतो आणि भाकरी करायला शिकतो. यंदा पाऊस झाला नाही, म्हणून भाकरी चांगल्या जमतात. संपले. धरणीमाता नाही, बळीराजा नाही, झाडे लावण्याचा उपदेश नाही. शब्दमर्यादाही गाठलेली नाही.

मी आठांपैकी तीन दिले. शेजारच्या सहकाऱ्याला दाखवले, तोही ‘बरोबर आहे’ म्हणाला. नियमाने ते बरोबरच होते. पण त्या सबंध गठ्ठ्यात प्रश्नाला खरे उत्तर दिले होते ते त्या एकाच मुलाने. बाकीच्यांचे निबंध मला त्या रात्री आठवेनात. त्याच्या भाकऱ्या आजही आठवतात. तो मुलगा कोण, कुठला, पुढे काय झाला, मला ठाऊक नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसते. गुण वाढवून द्यायचे मनात आले तोवर गठ्ठा गेला होता.

मार्क वाढतात आणि घटतात कसे, याचा एक मोठा प्रयोग आपल्या राज्यातही होऊन गेला, कोणी मुद्दाम न करता. दहावीच्या भाषाविषयांना २० गुण शाळेच्या हातात असत: तोंडी परीक्षा आणि इतर कामे. हे गुण शाळा सढळ हाताने देतात हे उघड गुपित होते. २०१९ च्या परीक्षेला ते काढून टाकले आणि लेखी पेपर पूर्ण शंभरांचा केला. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे न्यायाने सांगायला हवे. पण लगेच ओरड झाली, वीस गुण परत आले, आणि २०२० साली निकाल थेट ९५.३० टक्के! वर्षभरात महाराष्ट्रातली मुले इतकी वाक्पटू झाली, असे म्हणायला माझी जीभ धजत नाही.

वाईट याचे वाटते की, ते वीस गुण खरे तर फार मोलाचे होते. मुलाने उभे राहून बोलावे, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, अडले तर शब्द शोधावा, हे मोजायची तेवढीच एक जागा. तिथे आपण साठ मुलांना एका तासात उभे केले, ‘नाव सांग, कविता म्हण’ म्हटले, आणि सर्वांना अठरा-अठरा देऊन मोकळे झालो.

मग मार्क मोजतात तरी काय? माझ्या मते पुष्कळच मोजतात, फक्त आपण समजतो ते नव्हे. ते चिकाटी मोजतात, सूचना पाळण्याची सवय मोजतात, घरात पुस्तके आहेत का, अभ्यासाला वेगळा कोपरा आहे का, क्लासची फी परवडते का, हेही मोजतात. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी आयुष्यात उपयोगी पडतात; ब्याण्णव मिळवणारी मुलगी नोकरीत वेळेवर पोहोचेल, याबद्दल मला शंका नाही. उलट मार्कांचा तिरस्कार करणारे लोक शाळा न शिकलेल्या बहिणाबाई चौधरींचे नाव हटकून घेतात, तेही मला पटत नाही. प्रत्येक निरक्षर माणूस बहिणाबाई नसतो, आणि त्यांच्या ओव्यासुद्धा उतरवून घेणारा लेक घरात होता म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या.

अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. रोज! त्याला गुण नव्हते. पण त्याला वाचक होते, आणि ते तिथेच, त्याच खोल्यांत राहत होते. कोणत्याही शाळेला हे आजही जमण्यासारखे आहे. खर्च कागदाचा आणि एका शिक्षकाच्या झोपेचा.

समोरच्या घरी त्या संध्याकाळी पत्र नव्याने लिहिले गेले. आजी सांगत होत्या, नात इंग्रजीत उतरवत होती, मी पावत्यांच्या तारखा वाचून दाखवत होतो. अमुक साली पहिली पॉलिसी, अमुक तारखेला कंपनी बदलली, मध्ये एक दिवसाचाही खंड नाही, सोबत पाच पावत्यांच्या प्रती, ४३ हजार रुपये द्यावेत. सात वाक्ये. एके ठिकाणी मुलगी अडली. ‘खंड नाही’ याला इंग्रजीत काय म्हणावे ते मला सुचेना, तिला सुचले. पुस्तकात आलेला शब्द होता. आजींनी तो तीनदा म्हणवून घेतला.

सव्वा महिन्याने पैसे जमा झाले. पुन्हा पेढे आले, या खेपेला आजी घेऊन आल्या, आणि त्यांच्या मागोमाग नात.

‘‘सर, तुम्ही पेपर तपासता ना? हे पत्र मी परीक्षेत लिहिलं असतं तर?’’

मी पत्राची प्रत मागवून घेतली आणि चष्मा लावला. विषय अधोरेखित नव्हता. शेवटी आभार नव्हते. वाक्ये सगळी एकाच परिच्छेदात.

‘‘पाचापैकी तीन,’’ मी म्हणालो.