दहा हजारांचे कर्ज कोणाला मिळाले?

करोनाच्या टाळेबंदीत, १३ मे २०२० रोजी केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची विनातारण कर्जयोजना जाहीर केली. आकडा मथळ्यात झळकला, अट मात्र आतल्या मजकुरात राहिली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी तुमच्या नावावर जेवढे कर्ज बाकी असेल, त्याच्या २० टक्के रक्कम नव्याने मिळणार होती. पूर्ण हमी सरकारची, पहिले वर्षभर मुद्दल फेडायचे नाही, बँकेचा व्याजदर ९.२५ टक्क्यांच्या वर जायचा नाही. सगळे उदारच होते. पण ज्याने कधी बँकेचे कर्जच काढले नव्हते, त्याच्या वाट्याला शून्याचे २० टक्के आले. गल्ल्यातल्या पैशावर धंदा करणारा बाहेर राहिला. घाईच्या काळात असेच होते. ज्याची माहिती बँकेकडे आहे, त्यालाच मदत लवकर पोहोचते.

फेरीवाल्यांची अशी माहिती बँकेकडे नव्हतीच. त्यांच्यासाठी १ जून २०२० रोजी पंतप्रधान स्वनिधी योजना आली. शहरात २४ मार्च २०२० च्या आधीपासून धंदा करणाऱ्याला १०,००० रुपयांचे खेळते भांडवल, वर्षभरात मासिक हप्त्यांनी फेड, वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज-अनुदान आणि पुढच्या वेळी २०,०००, मग ५०,००० रुपये. रक्कम क्षुल्लक म्हणून तेव्हा तिची टिंगलही झाली. टिंगल करणाऱ्यांनी बाजारातला व्याजाचा भाव विचारला नव्हता. सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी १०,००० घेतले, तर महिन्याला हजार रुपये नुसते व्याजात जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. बँकेचा दर वर्षाला १२ टक्के धरला, तर मुद्दलासकट हप्ता ८८८ रुपयांचा बसतो. म्हणजे सावकाराच्या नुसत्या व्याजापेक्षाही कमी पैशांत माणूस वर्षभरात कर्जमुक्त होतो. भाजीवाल्याला हे गणित कुणी शिकवावे लागत नाही.

अडत होते ते कागदावर. विक्रेत्याकडे पालिकेचे ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र हवे, निदान सर्वेक्षणात नाव हवे. तेही नसेल तर शिफारसपत्र, म्हणजे साध्या कागदावर अर्ज आणि पालिकेची चौकशी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण सांगितले आहे. मुंबईत त्याच वर्षी अर्ज घेतले गेले, ते ९९ हजारांहून अधिक आले. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये नगर पथविक्रेता समितीची निवडणूक झाली, तेव्हा मतदार फेरीवाले होते सुमारे ३२ हजार. दहा वर्षांत यादी एवढीच तयार झाली! संकट मार्च २०२० मध्ये आले, पण ही ढिलाई त्याच्या कितीतरी आधीची होती.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचे निर्बंध लागले, तेव्हा राज्य सरकारने सुमारे ५ लाख फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. हे कर्ज नव्हते, अनुदान होते. बाजारच बंद असताना कर्ज काढून माल भरायचा कुणासाठी, हा प्रश्न यात निदान ओळखला गेला होता. पण हे पैसेही नोंदणीकृत फेरीवाल्यांनाच होते. पुन्हा तीच यादी.

प्रशिक्षणाचा भाग मला सगळ्यात अपुरा वाटतो. जानेवारी २०२१ मध्ये ‘मैं भी डिजिटल’ मोहीम निघाली. क्यूआर कोड कसा लावायचा, पैसे कसे घ्यायचे हे शिकवण्यासाठी. जोडीला महिन्याला १०० रुपयांपर्यंत परतावा होता, पण व्यवहार किमान २५ रुपयांचा असेल तरच तो मोजला जाई. दहा रुपयांचा कटिंग चहा विकणाऱ्याने तो हिशेब कसा जुळवायचा? फेब्रुवारी २०२१ मध्ये झोमॅटोबरोबर झालेल्या करारात नागपूरसह सहा शहरे निवडली गेली. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना स्वच्छता, पॅकिंग, दर ठरवणे आणि ॲप वापरणे शिकवायचे, पॅन आणि अन्नसुरक्षा नोंदणी करून द्यायची, अशी ती योजना. हे खरे उपयोगाचे प्रशिक्षण. पण सुरुवात होती सहा शहरांत मिळून ३०० विक्रेत्यांची.

एवढे असूनही योजना टिकली, हे मान्य करायला हवे. जुलै २०२५ अखेरपर्यंत ६८ लाखांहून अधिक विक्रेत्यांना १३,७९७ कोटी रुपयांची ९६ लाख कर्जे गेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने तिची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पहिले कर्ज १५,००० आणि दुसरे २५,००० रुपयांपर्यंत गेले. दुसरे कर्ज फेडणाऱ्याला यूपीआयला जोडलेले रुपे क्रेडिट कार्डही मिळणार आहे. पैशाची बाजू अशी सुधारत गेली. जागेची बाजू तिथेच आहे. कर्ज केंद्राच्या योजनेतले, हातगाडी उचलणारे मात्र पालिकेचे अतिक्रमण खाते. गाडी गेली की हप्ताही थांबतो, आणि वेळेवर फेड हीच तर पुढच्या कर्जाची अट आहे.

आपल्या शहरात फेरीवाल्यांचे शेवटचे सर्वेक्षण कधी झाले आणि त्यातल्या किती जणांना प्रमाणपत्र मिळाले, हे वाचकांनी आपल्या पालिकेला माहितीच्या अधिकारात जरूर विचारावे. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.