करणीची पोथी आणि वाचनालयाचं कपाट

जत्रेच्या वाटेवर हार, कुंकू आणि पेढ्यांच्या दुकानांच्या रांगेत पोथ्यांचं एखादं दुकान हमखास असतं. हरिपाठ, मारुतिस्तोत्र आणि आरतीसंग्रहाच्या गठ्ठ्यांशेजारी तिथं 'इंद्रजाल', शाबरी मंत्रांचे संग्रह, वशीकरणाचे उपाय, स्वप्नफळं आणि शकुन सांगणारी पातळ पुस्तकंही मांडलेली असतात. ती विकत घेतली जातात, घरी नेली जातात, ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यामागे ठेवली जातात आणि कागद तुटायला लागला की नदीत सोडली जातात. शिकल्यासवरल्या माणसाच्या घरी ती सापडली तर तो ओशाळतो आणि सार्वजनिक वाचनालयात अशा पुस्तकांना रीतसर नोंद होऊन जागा मिळालेली क्वचितच आढळते. माझं म्हणणं असं, की ही पुस्तकं जमवली पाहिजेत, जपली पाहिजेत आणि उघडपणे वाचली पाहिजेत. हे काम सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी हाती घ्यावं, कारण जादूटोण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्राने जो विचार केला त्यातला फार मोठा वाटा इथला आहे.

जगात अशा पुस्तकांचे मोठे संग्रह कोणी उभे केले, हे पाहिलं तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात चेटकाविषयीची ३,००० हून अधिक पुस्तकं आहेत. तो संग्रह विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट आणि त्यांचे ग्रंथपाल जॉर्ज लिंकन बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारला. युरोपात चेटकीण ठरवून हजारो बायकांना जाळलं गेलं. ते कोणत्या युक्तिवादांच्या आधारे घडलं, कोणत्या न्यायाधीशाने कोणता ग्रंथ पुढे ठेवला, हे मूळ कागदांवरून सिद्ध व्हावं ही त्यांची तळमळ होती. जादूगार हॅरी हुदिनी याने बनावट प्रेतसंवादकांना उघडं पाडण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. १९२६ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याच्या संग्रहातली जवळपास ४,००० पुस्तकं अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात आली. त्याच्याही साडेतीन शतकं आधी, १५८४ मध्ये, रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या इंग्रज गृहस्थाने चेटकिणीची कल्पना खोटी असल्याचं सांगण्यासाठी एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्याने त्या काळचे मंत्र आणि हातचलाखीचे प्रकार कृतीसकट छापून टाकले. जादूटोण्याचं वाङ्मय इतक्या चिकाटीने जमवणारी ही माणसं त्यावर विश्वास नसणारी होती. ज्याला भीती घालवायची आहे त्याला ती कुठून येते हे कागदावर पाहावं लागतं, एवढं त्यांना कळलेलं होतं.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कामामागेही हीच जाण होती. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली आणि तिचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं करू लागले. करणी झाली म्हणून कापलेल्या लिंबातून रक्त निघतं, असं देवऋषी दाखवतो. सुरीच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावलेलं असतं आणि लिंबाच्या आम्लाशी त्याचा संबंध आला की ते लाल होतं, हे कार्यकर्ता त्याच गावच्या पारावर करून दाखवतो. नारळ पेटतो तो पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र आल्यामुळे, हेही तो सांगतो. एकदा कृती कळली की लिंबाची भीती उरत नाही. समितीचं 'अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र' हे मासिक सांगलीहून निघत आलं आहे. भानामती, अंगात येणं, बुवाबाजी, गुप्तधनाच्या फसवणुकी यांची या भागातली लेखी नोंद त्याच्या जुन्या अंकांमध्ये साठली आहे. एका अर्थाने तोही जादूटोण्याचाच ग्रंथसंग्रह आहे, फक्त प्रत्येक मंत्रासोबत त्याचा उलगडा छापलेला. मांत्रिकाचं सगळं भांडवल गुप्ततेत असतं. पोथी कुणाला दाखवायची नाही, मंत्र कुणाला सांगायचा नाही, अमावास्येच्या रात्री एकट्यानेच यायचं. तीच पोथी वाचनालयाच्या टेबलावर दहा जणांच्या हातात गेली, तिच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता आल्या, की हे भांडवल झपाट्याने आटतं.

पण उलगडा करून दाखवणं हा या पुस्तकांचा एक उपयोग झाला. त्याहून मोठा उपयोग दुसरा आहे आणि माझ्या लेखी तोच महत्त्वाचा. ही पुस्तकं माणसाच्या अडचणींची वही आहेत. आपल्याकडची सर्वांत जुनी अशी वही म्हणजे अथर्ववेद. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनी स्वाध्याय मंडळ चालवलं, वेदांच्या संहिता शुद्ध करून छापल्या आणि अथर्ववेदावर सविस्तर भाष्य लिहिलं. १९४८ नंतर ते गुजरातेत पारडीला गेले, पण कामाचा पाया औंधचा. त्या संहितेत ब्रह्मविद्या आहे, पृथ्वीवरचं अप्रतिम सूक्त आहे आणि तापावरचे, सुखरूप बाळंतपणासाठीचे, सवतीविरुद्धचे, कुणी केलेली कृत्या म्हणजे करणी उलटवण्याचेही मंत्र आहेत. सहाव्या कांडातली ११७ ते ११९ ही तीन सूक्तं फक्त कर्जातून सुटका मागणारी आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीचा माणूस देवापुढे काय मागत होता, तर तापातून उठू दे, मूल जगू दे, देणं फिटू दे.

आता औंधहून कृष्णाकाठी औदुंबरला यावं. 'गुरुचरित्रा'च्या विसाव्या अध्यायात शिरोळच्या एका बाईची कथा आहे. तिची मुलं जगत नाहीत, कारण तिला ब्रह्मसमंधाने धरलेलं आहे. त्या समंधाचं मूळ काय, तर पूर्वजन्मी एका ब्राह्मणाकडून घेतलेलं आणि बुडवलेलं शंभराचं ऋण. औदुंबरी सेवा करून ती मोकळी होते. ही कथा श्रद्धेने वाचणारा वाचतो, त्याच्या श्रद्धेला हात लावण्याचं कारण नाही. पण तीच कथा गावगाड्याचा कागद म्हणूनही वाचता येते. बालमृत्यू आणि कर्ज ही त्या काळच्या बाईची दोन सर्वांत मोठी दुःखं, आणि कथेने ती एकाच भुताच्या ठिकाणी आणून बांधली आहेत. भूत हे इथं फेडता न आलेल्या देण्याचं नाव आहे. याच कृष्णेच्या काठी, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये, २० जून २०२२ रोजी एकाच कुटुंबातल्या ९ जणांचे मृतदेह सापडले. आधी ती कर्जापायी केलेली सामूहिक आत्महत्या मानली गेली आणि सावकारीच्या अंगाने गुन्हे दाखल झाले. आठवड्याभरात तपासाने वळण घेतलं. गुप्तधन काढून देतो म्हणून मोठी रक्कम उकळणाऱ्या मांत्रिकाने आणि त्याच्या साथीदाराने विष देऊन हे खून केले, असा आरोप पोलिसांनी ठेवला. कर्ज, गुप्तधन आणि मांत्रिक यांची ही साखळी ज्याने जुन्या पोथ्या वाचल्या आहेत त्याला अनोळखी वाटत नाही. अंजनाने जमिनीतला हंडा दिसतो, पायाळू माणसाला धन कळतं, ही सगळी सामग्री त्या पातळ पुस्तकांत छापलेली असते. कोणत्या अडचणीवर कोणता गळ टाकला जातो हे तिथं लिहिलेलं आहे, आणि ते वाचलेला शिक्षक, पोलीस किंवा ग्रामसेवक शेजारच्या घरातला धोका चार महिने आधी ओळखू शकतो.

यावर पहिला आक्षेप श्रद्धावंतांकडून येईल. वेद आणि 'नवनाथ भक्तिसार' यांना इंद्रजालाच्या पंगतीत बसवता का? आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्याला उत्तरही तसंच द्यायला हवं. मालूकवीने १८१९ साली पूर्ण केलेल्या या ४० अध्यायांच्या ग्रंथाशी सांगली जिल्ह्याचं नातं फार जवळचं आहे. वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे, विट्याजवळ रेणावीला रेवणसिद्धाचं देऊळ आहे, बत्तीस शिराळ्यात गोरक्षनाथाची परंपरा आहे. ग्रंथात मच्छिंद्रनाथ शाबरी विद्येवर कवित्व करतात, आणि शेवटच्या अध्यायात कोणता अध्याय वाचल्याने कोणती बाधा टळते किंवा कोणतं फळ मिळतं हे क्रमाने सांगितलं आहे. म्हणजे भक्ती आणि मंत्रसामर्थ्य यांची सरमिसळ ग्रंथकाराच्याच मनात होती, ती अभ्यासकाने केलेली नाही. रा. चिं. ढेरे यांनी नाथ संप्रदायाचा, दत्त संप्रदायाचा आणि लोकदैवतांचा इतिहास लिहिला तो अशी हस्तलिखितं, चोपडी आणि लोककथा जन्मभर जमवून. त्यांनी देवतांचा अवमान केला असं त्यांचा कोणताही गंभीर वाचक म्हणणार नाही. एका कपाटात ठेवल्याने ग्रंथांची योग्यता सारखी होत नाही. सूचीत वर्ग वेगळे करता येतात, ग्रंथपालाचं काम तेच आहे.

दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि त्याची तपशिलात जाऊन तपासणी केली पाहिजे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आधी अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केला. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, करणी केल्याचा आळ घेऊन एखाद्याचं जगणं मुश्कील करणं, साप किंवा कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, अशा १२ कलमांची अनुसूची त्याला जोडलेली आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. या कायद्यातल्या 'प्रचार' या शब्दाच्या व्याख्येत जाहिरात, साहित्य, लेख आणि पुस्तकसुद्धा येतं. म्हणून कुणी म्हणेल, की असा संग्रह म्हणजे कायद्याला अंगावर घेणं. पण तो प्रचार अनुसूचीतल्या अमानुष कृत्यांचा असावा लागतो. त्याच कायद्यात प्राचीन विद्या आणि कला शिकवणं, त्यांचा प्रसार करणं, दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं आणि त्याविषयीचं साहित्य वाटणं यांना स्पष्टपणे बाहेर ठेवलं आहे. कायद्याचा रोख माणसाला होणाऱ्या इजेवर आणि लुटीवर आहे. नरबळीची भलामण करणारं पुस्तक छापून विकणारा आणि त्याच पुस्तकाची १९३० सालची प्रत अभ्यासाला ठेवणारा यांत फरक आहे, आणि कायदा नीट वाचला तर तो दिसतो. ही रेघ मी मान्य करतो. नव्याने छापून विकण्याची मोकळीक मी मागत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. अडचणीतला माणूस असं पुस्तक वाचेल आणि स्वतःवर किंवा दुसऱ्यावर प्रयोग करेल त्याचं काय? ज्या बाईचं पोर तापाने फणफणलंय तिला आवृत्त्यांची तुलना कशी सुचणार? हे खरं आहे. म्हणूनच हे संग्रह टिपांशिवाय असू नयेत आणि काही पुस्तकं वाचनालयात बसूनच वाचायला मिळावीत. पण ही पुस्तकं कपाटात नाहीत म्हणून ती बाई सुरक्षित आहे का? वाई तालुक्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत सुमारे ३०० माणसं गेली. त्या दुर्घटनेची कारणं अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि ढिसाळ व्यवस्था ही होती. पण तिच्यानंतर बाहेरच्या महाराष्ट्राने तिथली झाडंही नीट पाहिली. खोडांत ठोकलेले खिळे, काळ्या बाहुल्या, लिंबं, बिब्बे आणि माणसांचे फोटो. त्या खिळ्यांपर्यंत पोचायला कुणाला पुस्तकाची गरज पडली नव्हती. देवऋषाने बघून सांगितलं होतं. आणि त्याच तालुक्याच्या गावी, वाईत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश तयार झाला. त्यात तंत्रमार्गावर आणि अथर्ववेदावर शांतपणे, साधार लिहिलेल्या नोंदी आहेत. ते ज्ञान वाईहून मांढरदेवच्या डोंगरावर चढलं नाही, याचं मला मनापासून दुःख वाटतं. उणीव वाचनाच्या अतिरेकाची कधीच नव्हती.

राहिला प्रश्न कसं जमवायचं हा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून गावोगावच्या समजुती लिहून मागवल्या होत्या. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्यावर ते कागद इंग्रज अधिकारी एन्थोवेन यांच्या हाती आले आणि त्यांतून लोकसमजुतींची टिपणं छापली गेली. पुढे १९२४ साली एन्थोवेन यांचा मुंबई इलाख्याच्या लोकविद्येवरचा ग्रंथ आला. राज्यकर्त्यांच्या नजरेतून झालेलं काम म्हणून त्याच्या मर्यादा आहेत, पण मास्तरांनी लिहिलं नसतं तर त्यातलं बरंचसं आज कळलंच नसतं. आज ते काम आपल्या नजरेतून करता येईल. प्रत्येक प्रतीवर छापखाना, साल, किंमत आणि ती कोणत्या गावातून आली हे लिहावं. मागच्या पानांवरच्या ताईत आणि अंगठ्यांच्या जाहिराती फाडू नयेत, कारण कोणत्या दशकात कोणती भीती विकली जात होती ते तिथंच कळतं. समासात कुणी पेन्सिलीने नाव लिहिलं असेल तर झाकून ठेवावं, पण खोडू नये. घाईही आहे. ही चोपडी स्वस्त कागदावरची असतात आणि २०१९ च्या महापुराने सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजवली तेव्हा चांगल्या बांधणीचे ग्रंथही वाचले नाहीत.

जागाही तयार आहेत. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार मे २०१७ मध्ये देशातलं पहिलं पुस्तकांचं गाव झालं आणि तिथल्या घराघरांत विषयवार दालनं आहेत. पुढे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपची निवड त्याच योजनेत झाली. अंकलखोप म्हणजे औदुंबरचं गाव, जिथं शिरोळच्या त्या बाईची कथा घडते. तिथल्या एका दालनात एकाच फळीवर औंधचा अथर्ववेद, 'गुरुचरित्र', 'नवनाथ भक्तिसार', जत्रेतलं 'इंद्रजाल', ढेऱ्यांचे ग्रंथ, दाभोलकरांचं 'भ्रम आणि निरास', वार्तापत्राचे बांधीव अंक आणि २०१३ च्या कायद्याची प्रत ठेवावी. दर्शन घेऊन घाटावरून वर आलेल्या माणसाला तिथं टेकायला खुर्ची असावी, आणि ज्याचं पोर आजारी आहे त्याच्यासाठी दारातच जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा.