तेल, द्राक्षारस आणि सोबत

नाताळच्या मध्यरात्री चर्चच्या घंटा निनादतात, दारोदारी चांदण्या उजळतात, फराळाची ताटे शेजारीपाजारी फिरू लागतात. त्याच घटकेला रुग्णालयाच्या खाटेवर कुणी वेदनेने जागा असतो. ज्या प्रभूच्या जन्माचा हा उत्सव, त्याने आपल्या आयुष्याचा मोठा भाग आजाऱ्यांच्या सहवासात वेचला. म्हणून या मंगल दिनी रुग्णशुश्रूषेचा विचार करणे आम्हांस उचित वाटते.

लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याची कथा सर्वश्रुत आहे. लुटारूंनी अर्धमेल्या करून टाकलेल्या वाटसरूच्या जखमांवर त्याने तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि त्याची काळजी वाहिली. येथे औषध आणि सोबत ही दोन निराळी कामे नाहीत. शिवाय, तू कोणत्या धर्माचा, हा प्रश्नही नाही.

आपल्याकडे मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन रुग्णालय सुरू केले आणि शस्त्रक्रियेसाठी ते दूरवर ख्यातकीर्त झाले. मिशन रुग्णालयांत उपचार आणि प्रार्थना एकाच छपराखाली नांदत. परंतु ती प्रार्थना मुख्यत्वे सेवा करणाऱ्याच्या धर्माची असे. रुग्णाचे दुःख त्याच्याच श्रद्धेच्या भाषेत ऐकून घेणे, ही त्यापुढची पायरी होय.

ती पायरी चढण्यात लंडनच्या डॉ. सिसिली साँडर्स यांचा वाटा मोठा आहे. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उघडले. मरणोन्मुख माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला पटवून दिले. त्या स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती होत्या. पण १९४८ साली निधन पावलेल्या ज्या रुग्णाने त्यांच्या भावी वास्तूतील एका खिडकीसाठी पाचशे पौंड मागे ठेवले, तो पोलंडहून आलेला एक ज्यू होता!

हा विचार केवळ अंतकाळापुरता नाही. आपल्याकडील आजारी माणूस ‘हे माझे भोग आहेत, ते भोगूनच संपवायचे’ असे मनाशी धरून बसतो आणि वेदनाशामक गोळी उशाखालीच राहते. डॉक्टर मात्रा वाढवितात. गोळी का घेतली नाही, हे कोणी विचारीत नाही. मधुमेही आजी एकादशी करते, शेजारचे चाचा रोजे धरतात. त्यांच्या व्रताची चौकशी झाली नाही, तर औषधाच्या वेळा चुकतात आणि प्रकृती धोक्यात येते. ‘तुम्हांला कशाचा आधार वाटतो? मनात कसले भय आहे?’ एवढे दोन प्रश्न नाडीपरीक्षेइतकेच आवश्यक आहेत.

मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी शांती आवेदना सदन उभे राहिले. भारतातील अशा शुश्रूषागृहांत ते पहिले मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ सालच्या व्याख्येत परिहार सेवेमध्ये आध्यात्मिक दुःखाच्या निवारणाचा स्पष्ट समावेश केला. २०१८ पासून आपल्या सरकारी आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांतही वृद्धांची व परिहार सेवा गणली जाते. आता हे कागदावरील शब्द गावच्या परिचारिकेच्या आणि आशाताईंच्या रोजच्या फेरीत उतरले पाहिजेत.

मात्र येथे एक पथ्य कसोशीने पाळावयास हवे. खाटेवरचा माणूस अगतिक असतो. त्याच्या अगतिकतेचा लाभ घेऊन आपली श्रद्धा त्याच्या गळी उतरविणे, किंवा अंगाऱ्याच्या भरवशावर त्याचे औषध तोडणे, ही सेवा नव्हे, अपराध होय. त्याने इच्छा दर्शविली तर पाळक यावेत, मौलवी यावेत, भजनी मंडळातला सोबती यावा. नको म्हटले तर नुसता हात हाती घेऊन बसणारे कोणी असावे. देव न मानणाऱ्यालाही मरणाचे भय असते, सोबतीची ओढ असते.

मराठी ख्रिस्ती समाजाने धर्मगुरूला ‘पाळक’ हा फार सुंदर शब्द योजिला आहे. हरवलेल्या मेंढराच्या शोधात रानोमाळ हिंडतो तो पाळक. आज चर्चमधून परतताना वाचकांनी एखाद्या आजाऱ्याच्या घरी जरूर डोकवावे. केकचा तुकडा न्यावाच. पण त्याहून अधिक, घड्याळाकडे न पाहता त्याचे बोलणे ऐकावे. शोमरोन्याच्या थैलीतील तेल आपल्यापाशी नसेल. सोबत तर आहे!