आरटीई आठवीला संपतं, मग नववीचं काय? ऑटिझम असलेल्या मुलांची शाळा आणि खर्च

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये राहणाऱ्या आणि ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला आरटीईच्या २५ टक्के कोट्यातून खासगी शाळेत प्रवेश मिळाला, असं समजा. आठवीपर्यंत फीचा प्रश्न आला नाही. नववीला मात्र शाळा पूर्ण फी मागते. नियमाप्रमाणे ती मागू शकते, कारण २००९ चा आरटीई कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे.

मग हक्क संपला का?

नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ३१ वाचा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मेख अशी की ही जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांवर आहे. त्यामुळे खासगी शाळा या कलमावर फी माफ करेल, अशी आशा धरू नका. सरकारी किंवा अनुदानित शाळेत मात्र ते ठामपणे दाखवा. ऑटिझम आहे म्हणून मान्यताप्राप्त शाळेने प्रवेश नाकारणं तर कलम १६ च्या विरोधात आहे.

या सगळ्याला लागतं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड. ते नसेल, तर शाळा शोधण्याआधी तेच करून घ्या.

शाळा बघताना काय विचाराल?

'तुमच्याकडे अशी मुलं आहेत का?' एवढ्यावर थांबू नका. विशेष शिक्षक रोज असतात की आठवड्यातून एकदा? सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये माध्यमिक स्तरावर अशा १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं आहे. मधल्या सुट्टीच्या गोंगाटात मुलगा गडबडला, तर त्याला शांत बसायला जागा आहे का?

अंतराचाही विचार करा. विठ्ठलवाडी किंवा अंबरनाथहून सकाळच्या गर्दीची लोकल पकडून ठाण्याची नावाजलेली शाळा गाठायची, तर आवाज आणि धक्क्यांनी मूल वर्गात पोहोचण्याआधीच थकेल. आमच्या मते रिक्षाच्या अंतरावरची साधी, पण ऐकून घेणारी शाळा बरी.

बोर्डाचा निर्णय नववीतच घ्या. राज्य मंडळाच्या दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. अर्ज शाळेमार्फत जातो. एनआयओएसमध्ये पाच विषयांत गणित घ्यायलाच हवं असं नाही आणि पाच वर्षांत नऊ परीक्षांची संधी मिळते. पुढे गणित लागणारा कोर्स करायचा असेल, तर आधी चौकशी करा.

पैसे कुठून?

नववी-दहावीसाठी केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत हवं. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. जीन्स शिलाईवर पीसप्रमाणे कमावणाऱ्या घरात पगाराची स्लिप नसते, म्हणून तहसीलचा उत्पन्न दाखला वेळेत काढा.

थेरपीचा खर्च अनेकदा फीपेक्षा जड जातो. त्यासाठी नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' विमा आहे, एक लाखापर्यंत. शाळेची फी त्यातून मिळत नाही. नोकरदार पालकांना आयकरात ८०डीडीखाली ७५ हजारांची वजावट होती, तीव्र दिव्यांगत्वात सव्वा लाखाची. पण फक्त जुनी करपद्धत निवडली तरच. ऑटिझमसाठी त्याला फॉर्म १०-आयए लागायचा, त्यामुळे यंदाचा फॉर्म कोणता हे रिटर्न भरण्याआधी सीएला विचारा.