शय्याव्रण : वर डाग, आत जखम

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर लालसर चट्टा दिसतो. घरचे म्हणतात, ‘पाठ सोलवटलीय,’ आणि पावडर लावतात. काळजीपोटीच, पण शय्याव्रण (सततच्या दाबाने होणारी जखम) म्हणजे नुसतं सोलवटणं नव्हे. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, रक्त पोचत नाही आणि तो भाग मरू लागतो.

आंब्याच्या सालीवर बोटाएवढा काळा डाग असतो. कापल्यावर कोयीपर्यंत सडलेला निघतो. तसंच इथे. हाडालगतचा स्नायू बऱ्याचदा कातडीच्या आधी मरतो.

चट्ट्यावर बोट दाबून उचला. जागा क्षणभर फिकी न पडता तशीच लाल राहिली, तर जखम सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. जांभळट छटा दिसते, किंवा कढतपणा वा कडकपणा हाताला जाणवतो. तिथे मालीश करू नये, आतली इजा वाढते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्याव्यात.

दुर्लक्ष झालं तर जंतू हाडात शिरतात (अस्थिशोथ) किंवा रक्तावाटे संसर्ग अंगभर पसरतो (सेप्सिस). पडद्यावर ‘सुपरमॅन’ साकारणारे अभिनेते ख्रिस्टोफर रीव्ह यांचा २००४ मध्ये मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्यावर अशाच चिघळलेल्या जखमेचे उपचार चालू होते. दुर्गंधी, ताप किंवा अचानक असंबद्ध बोलणं दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.